दाबलं की कळणारं हाकेचं बटण

हालचाल कमी असलेल्या माणसाने मदतनिसाला बोलावायला दाबलेली हाकेची घंटा दुसऱ्या खोलीत वाजते, पण दाबणाऱ्याला ते कळत नाही. मग तो पुन्हा पुन्हा, जास्त जोर लावून दाबत राहतो आणि हात थकतो. म्हणून बटणाखालीच दिवा आणि कंपन हवं, बझर मदतनिसापाशी.

साहित्य थोडंच: लांब पट्टीचा मायक्रोस्विच (पट्टी हलकेच दाबली की चालणारा छोटा स्विच), एए आकाराचे २ सेल आणि त्यांचं घर, ३ व्होल्टचा अ‍ॅक्टिव्ह बझर (वीज मिळताच आपोआप वाजणारा), नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची कंपन मोटर, लाल एलईडी, १०० ओहमचा रेझिस्टर, १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा), ७-८ सेंमी व्यासाच्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा (झाकण दाबलं की आतल्या स्विचची पट्टी दबेल असा), दोन पदरी वायर.

सेलचं धन टोक स्विचच्या ‘सी’ला, म्हणजे सामाईक टोकाला जोडा. ‘एनओ’वरून (दाबल्यावरच जोडलं जाणारं टोक) निघणारी वायर बझर, मोटर आणि रेझिस्टरमार्गे एलईडी या तिघांना समांतर द्या, तिघांची ऋण टोकं सेलकडे परत. चुकून ‘एनसी’ला (न दाबता जोडलेलं असणारं टोक) जोडलंत तर घंटा कायम वाजेल आणि दाबल्यावर बंद होईल. मोटर बंद होताना उठणारा विजेचा झटका थोपवायला डायोड मोटरला समांतर, त्यावरच्या पट्ट्याची बाजू धन टोकाकडे. उलटा लागला तर दाबताच जवळपास शॉर्ट होतं, सेल तापतात. पांढरा किंवा निळा एलईडी घेऊ नका, त्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. सेल जरा उतरले की तो मंदावतो.

सर्वांत आधी तुटतात त्या मोटरच्या केसासारख्या तारा. सोल्डर झाल्यावर त्यांवर गरम गोंदाचा थेंब सोडा. मोटर झाकणाला आतून घट्ट चिकटवा आणि डब्याखाली फोम ठेवा, नाहीतर कंपन टेबलात जिरतं.

जागा निवडण्यावर मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. हातच हवा असं नाही. गुडघा, कोपर, डोक्याची बाजू, जी हालचाल दमल्यावरही जमते ती घ्या. स्थिर अवस्थेत अवयव आणि झाकण यांत १-२ सेंमी अंतर ठेवा. त्या जागी स्पर्श जाणवतो का, तेही तपासा. बधिर त्वचेवर कंपन वाया जातं. ताकद कमी असेल तर दाब पट्टीच्या टोकाजवळ येऊ द्या, तिथे जोर कमी लागतो. हात किंवा अवयव थरथरत असेल तर स्विच थोडा कडक बरा. दाबण्याइतकंच सोडणंही जमतंय का ते पाहा. स्नायूंच्या ताठरपणात हात बटणावरच अडकतो आणि बझर थांबत नाही.

हाच स्विच कॉम्प्युटरच्या स्विच-इंटरफेसला (बाहेरचा स्विच कॉम्प्युटरला जोडणारं उपकरण) जोडायचा झाल्यास दोन स्वतंत्र संपर्कांचा घ्या, म्हणजे सेलचा प्रवाह तिकडे जाणार नाही. घरातल्या विजेशी हे सर्किट कधीही जोडू नका.

कंपन मंदावलं, पण दिवा लागतोय? सेल उतरलेत. मोटरलाच सर्वांत जास्त प्रवाह लागतो, त्यामुळे बहुधा तीच आधी हार मानते.