शनिवारी बाम्बर्ग, रविवारी रोटेनबुर्ग : निघण्याआधीची तयारी

जर्मनीत न्यूर्नबर्गच्या आसपासची जुनी गावं दोन दिवसांत बघायची ठरली की पहिलं काम म्हणजे यादीला कात्री लावणं. न्यूर्नबर्ग, बाम्बर्ग, रोटेनबुर्ग, रेगेन्सबुर्ग, वुर्झबुर्ग ही नावं नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतात, गाड्याही भरपूर आहेत, त्यामुळे चार गावं सहज होतील असं वाटतं. होतातही, पण मग स्टेशन ते चौक आणि चौक ते स्टेशन एवढंच पदरात पडतं. माझं मत पक्कं आहे : दोन दिवस, दोन गावं. शनिवारी बाम्बर्ग, संध्याकाळच्या गाडीने रोटेनबुर्गला मुक्काम, रविवारी दुपारपर्यंत तिथेच. पुढची सगळी तयारी या बेताला धरून आहे, आणि सोबत घरून आलेले आई-बाबा आहेत हे धरून. एर्लांगन किंवा म्युनिकला नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या आपल्या मंडळींची अशी सहल बहुधा तेव्हाच निघते.

हा क्रम उलटा करू नका. बाम्बर्ग हे रोजच्या व्यवहारात गुंतलेलं गाव आहे. ग्र्युनर मार्क्ट या बाजारचौकात शनिवारी भाजीचे ठेले लागलेले असतात, आणि तिथे भाजी पिकवणाऱ्या माळ्यांची जुनी वस्तीसुद्धा 1993 साली मिळालेल्या जागतिक वारशाच्या दर्जात मोडते. हंगाम असेल तर ‘ह्योर्नला’ नावाचा बोटाएवढा वाकडातिकडा स्थानिक बटाटा ठेल्यावर दिसेल, तो जरूर बघा. रविवारी हा बाजार नसतो आणि दुकानंही बंद असतात. रोटेनबुर्गचं उलट आहे. तिथे भर दुपारी बसगाड्यांनी आलेली गर्दी असते. गाव खरं दिसतं ते संध्याकाळी ती गर्दी परतल्यावर आणि सकाळी ती यायच्या आत. म्हणून रात्र तिथे काढायची. खोली गावाभोवतीच्या जुन्या तटाच्या आतच घ्या, थोडी महाग पडली तरी. तारीख ठरवताना पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा शनिवार-रविवार (रोटेनबुर्गचा मोठा उत्सव), ऑगस्टच्या उत्तरार्धातली बाम्बर्गची जत्रा आणि डिसेंबरचे नाताळबाजार एवढं तपासा. त्या दिवसांत खोल्या महिनोन् महिने आधी भरतात. डिसेंबरात शिवाय साडेचारच्या आत अंधार पडतो, तेव्हा बेत तासभर आधी ओढून घ्यायचा.

तिकिटांचं गणित सोपं आहे. तुमच्याकडे डॉइचलंड-टिकीट हा देशभर चालणारा मासिक पास असेल (2026 पासून महिन्याला 63 युरो) तर तुमचा प्रश्न मिटला. पाहुण्यांसाठी बायर्न-टिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यापुरतं एका दिवसाचं तिकीट काढा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत चालतं, मात्र इतर दिवशी सकाळी नऊच्या आधी नाही. दोन दिवसांची दोन तिकिटं लागतील. त्यावर प्रवाशांची नावं घालावी लागतात आणि तपासनीस ओळखपत्र मागू शकतो, म्हणून आई-बाबांचे मूळ पासपोर्ट बरोबर हवेत, झेरॉक्स नव्हे. ही दोन्ही तिकिटं आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना चालत नाहीत, फक्त प्रादेशिक गाड्यांना. रेल्वेच्या ॲपमध्ये तेवढा पर्याय निवडून मगच गाड्या शोधा.

ॲपमध्ये रोटेनबुर्ग टाकताना नीट बघा. याच नावाची, उच्चारात जवळजवळ सारखी अशी आणखी गावं जर्मनीत आहेत : एक फुल्डा नदीवर, एक ब्रेमेनजवळ, एक नेकारकाठी. आपल्याला हवं आहे ते ‘ओब डेर टाउबर’, म्हणजे टाउबर नदीवरचं. बाम्बर्गहून न्यूर्नबर्ग, तिथून आन्सबाख, मग श्टाइनाख, आणि श्टाइनाखला शेवटची छोटी गाडी : सगळं मिळून अडीच तासांच्या आसपास. चारच्या सुमारास बाम्बर्ग सोडलं तर साडेसहा-सातला पोचता. शुक्रवारी रात्री पुन्हा एकदा गाड्या तपासा, कारण रुळांची कामं शनिवार-रविवारीच निघतात आणि मध्येच गाडीऐवजी बस सोडतात. काही प्रादेशिक गाड्या वाटेत दोन भागांत तुटून दोन दिशांना जातात. डब्यावरची पाटी वाचल्याशिवाय आई-बाबांना आत चढवू नका.

सामान पाठीवर. चाकांची बॅग बाम्बर्गच्या चढावर आणि रोटेनबुर्गच्या गल्ल्यांत दगडांत अडकत राहते आणि हात भरून येतो. शनिवारी दिवसभरासाठी सामान बाम्बर्ग स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका, त्यासाठी सुटी नाणी जवळ ठेवा. नाणी स्वच्छतागृहालाही लागतात, आणि कित्येक बेकऱ्या व खाणावळी आजही कार्ड घेत नाहीत. माणशी पन्नास-साठ युरो रोख, त्यातले दहा सुटे, हा हिशेब पुरतो.

आता बुटांबद्दल, आणि इथे मी आग्रह धरणार. दोन्ही गावांत पायाखाली डांबर नाही, घडीव दगड आहेत. पावसात ते निसरडे होतात. आईला साडी नेसायची असली तरी पायांत जाड तळव्याचे, वापरून रुळलेले बूट हवेत. सपाट चपला नकोत, आणि नवे कोरे बूटही नकोत. गुडघे दुखत असतील तर घडीची काठी न लाजता घ्या. बाम्बर्गला स्टेशनपासून जुन्या गावात पायी वीसेक मिनिटं आहेत, बसही आहे; पुलापासून कॅथेड्रलपर्यंतचा चढ मात्र चालूनच मजेचा आहे, थांबत थांबत जायचं. रोटेनबुर्गच्या नगरभवनाच्या मनोऱ्याला 220 पायऱ्या आहेत आणि वरच्या टोकाला फारच अरुंद वाट. ज्येष्ठांनी तो सोडला तर काही चुकत नाही, कारण तटावरून गाव छान दिसतं. पातळ रेनकोट छत्रीपेक्षा बरा, तटावर छत्री उघडायला जागाच नाही.

खाण्याची तयारी शनिवारीच संपवा. बव्हेरियात सुपरमार्केट आठला बंद होतात, रविवारी उघडत नाहीत. मोठ्या स्टेशनांवरची दुकानं तेवढी अपवाद. फळं, दही, पाव शनिवारी सकाळीच घेऊन ठेवा. घरून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी असं दोन वेळचं नेलं तर गाडीतलं जेवण सुटतं. शाकाहारींनी केझेश्पेट्झले मागवावं, चीज घातलेला शेवयांसारखा पदार्थ आहे, पोटभरीचा. बटाट्याच्या सॅलडमध्ये मात्र बऱ्याचदा मांसाचा रस्सा असतो आणि भाज्यांवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पेरतात, तेव्हा दरवेळी विचारा. नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं आहे, बाटल्या भरून ठेवा. हॉटेलात पाणी विकत मिळतं आणि न सांगितल्यास बुडबुड्यांचं येतं. बीअर पिणाऱ्यांनी बाम्बर्गची धुराच्या वासाची राउखबीअर चाखावी. बीचच्या लाकडाच्या धुरावर माल्ट वाळवतात, त्याचा तो वास.

एवढं झालं की शुक्रवारी रात्री तासभर काढून एका माणसाबद्दल वाचून ठेवा : टिलमान रीमेनश्नायडर. वुर्झबुर्गचा हा शिल्पकार 1531 साली वारला. आपल्या दोन्ही गावांना जोडणारा धागा तोच आहे. बाम्बर्गच्या कॅथेड्रलमध्ये सम्राट हाइनरिश दुसरा आणि त्याची राणी कुनिगुंडे यांची समाधी आहे, ती त्याच्या कार्यशाळेत 1499 ते 1513 मध्ये घडली. लोक वरच्या दोन मूर्तींचा फोटो काढून पुढे जातात. तुम्ही खाली वाका आणि बाजूंची शिल्पं बघा. एका बाजूला कुनिगुंडेवर चारित्र्याचा संशय घेतला गेला म्हणून ती तापलेल्या नांगराच्या फाळांवरून अनवाणी चालते आहे. सीतेचं अग्निदिव्य ऐकत वाढलेल्या आपल्या आयांना ती गोष्ट सांगावी लागत नाही, चित्र बघूनच कळते. दुसरीकडे आजारी सम्राट झोपला आहे आणि संत बेनेडिक्ट त्याचा मुतखडा काढतो आहे. दगडात उशीच्या चुण्यासुद्धा दिसतात. याच कॅथेड्रलमध्ये पोप क्लेमेंट दुसरा याची कबर आहे, आल्प्सच्या उत्तरेला टिकून राहिलेली पोपची एकमेव. आणि खांबावर तेराव्या शतकातला तो प्रसिद्ध घोडेस्वार, जो नेमका कोण हे अजून ठरलेलं नाही.

बाम्बर्गमध्ये दुसरी जागा नदीतली. जुनं नगरभवन रेग्निट्झच्या प्रवाहात मधोमध, पुलावर उभं आहे. गोष्ट अशी सांगतात की बिशपने जागा द्यायला नकार दिला, म्हणून नागरिकांनी पाण्यात खांब ठोकून आपली जागा तयार केली. त्याच्या भिंतींवर रंगवलेली चित्रं आहेत. पूर्वेकडच्या भिंतीवर एका बाळदेवदूताचा पाय शोधा : अंग रंगवलेलं, आणि पाय मात्र खरोखर भिंतीबाहेर लोंबतो आहे. नातवंडं बरोबर असतील तर शोधायचं काम त्यांना द्या.

रोटेनबुर्गला पोचल्यावर आधी जेवण उरका. खाणावळींची स्वयंपाकघरं नऊच्या सुमारास बंद होतात, टेबल दोन दिवस आधी राखून ठेवलेलं बरं. मग आठच्या आत मार्क्टप्लाट्झवर, म्हणजे मुख्य चौकात हजर. रात्रीचा पहारेकरी कंदील आणि भाला घेऊन येतो आणि इंग्रजीतून गाव फिरवतो. वर्षाच्या सुरुवातीचे हिवाळी आठवडे सोडले तर ही फेरी असते. आधी नाव नोंदवावं लागत नाही, पैसे शेवटी रोख द्यायचे. उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर जवळ असू द्या.

रविवारी सातला तटावर. तटाची वाट सुमारे अडीच किलोमीटर आहे, वर छप्पर आहे, तिकीट नाही. जिने उभे आहेत आणि तुळया कपाळाच्या उंचीवर येतात, उंच माणसांनी जपून. चालताना भिंतीतल्या दगडांवर कोरलेली नावं वाचा. 31 मार्च 1945 च्या हवाई हल्ल्यात गावाचा मोठा भाग आणि तटाचा काही भाग पडला. जगभरातून आलेल्या देणग्यांतून तट पुन्हा उभा राहिला, त्या देणगीदारांची ही नावं. त्यांत जपानी नावंही बरीच आहेत. बाकीचं गाव जुन्या रूपात टिकलं त्याचं कारण गरिबी. तीस वर्षांच्या युद्धानंतर (1618–48) इथला व्यापार आटला, जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसा उरला नाही. हे आई-बाबांना तटावरून खालची लाल कौलं दाखवत सांगा.

रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा आत हिंडू नये. याकोब्सकिर्श या चर्चची पाहण्याची वेळ आदल्या दिवशी दारावर वाचून ठेवा. तिथे वरच्या सज्जावर रीमेनश्नायडरची लाकडी वेदी आहे, न रंगवलेल्या लिंडनच्या लाकडाची. जिना चढावा लागतो, थोडं प्रवेशशुल्क आहे. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या त्या प्रसंगात मधोमध येशू नाही, त्याचा विश्वासघात करणारा यहूदा उभा आहे, पाठ अर्धवट आपल्याकडे. मागच्या खिडक्यांतून उजेड मूर्तींच्या मधून आरपार येतो. निदान अर्धा तास इथे राखून ठेवा. लहान दुर्बीण असेल तर चेहरे आणि हातांच्या शिरा दिसतात. घाई करायची असेल तर ती बाहेर श्नेबालच्या दुकानात करा. तळलेल्या पट्ट्यांचा तो गोळा एक घेऊन चौघांत वाटला तरी पुरतो.

परतीची गाडी ठरवताना श्टाइनाखला गाडी चुकली तर पुढची मिळेल इतकी सवड ठेवा, शेवटच्या गाडीवर विसंबू नका. न्यूर्नबर्गहून रात्रीचं विमान असेल तर मुख्य स्टेशनवरून यू-2 मेट्रो बाराएक मिनिटांत विमानतळावर सोडते. औषधांची पिशवी हातातच असू द्या, रविवारी आळीपाळीने उघडं राहणारं एखादंच औषधांचं दुकान सापडतं, अडचणीला 112 हा आणीबाणीचा फोन. आणि पाण्याच्या-सरबताच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या फेकू नका, चेपूही नका. बहुतेकींमागे 25 सेंट परत मिळतात, पण ते यंत्र सुपरमार्केटमध्ये असतं, म्हणजे सोमवारी.