ट्रंकेतला वेताळ आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब

पोरांना वाचायची आणि हातानं काही करायची गोडी कशी लागू द्यायची ते सांगतो, पण आधी माझी चूक. थोरली सहा वर्षांची होती तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मी माळ्यावरची काकांची ट्रंक खाली काढली. आत इंद्रजाल कॉमिक्सचे साठेक मराठी अंक, त्यात वेताळाचे, म्हणजे जंगलातल्या मुखवटेवाल्या फँटमचे. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली, त्यामुळं फाटलेल्याच्या जागी नवा अंक आणणं नाही. म्हणून प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, क्रमानं लावलेला. सतरंजी अंथरली, पोरीला हात धुऊन बसवलं आणि पहिला अंक तिच्यापुढं धरला. कोपरा दुमडू नको, थुंकी लावून पान उलटू नको, पालथा ठेवू नको. तिनं दोन पानं बघितली आणि म्हणाली, "पप्पा, मी खेळायला जाऊ?"

मी दोन दिवस तोंड पाडून होतो. बायको म्हणाली, "तुम्ही तिला कॉमिक दाखवत नव्हता, देवघर दाखवत होता."

त्यानंतर ट्रंक परत माळ्यावर गेली आणि मी दुसरीकडून सुरुवात केली. आता थोरली दहाची आहे, धाकटा सहाचा. माझं काम कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत, फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, बनवायचं. शिकवायची कला माझ्याकडं नाही. पण लाकूड, पुठ्ठा आणि जुनी कॉमिक्स यांचं वेड आहे, आणि ते पोरांच्या गळ्यात न बांधता त्यांच्या हाताला कसं लागू द्यायचं, एवढं थोडंफार जमलंय.

फाटलं तरी चालेल असं

रद्दीच्या दुकानातून दहा-बारा पुस्तकं आणा. कव्हर नसलेली, कुणीतरी पेन्सिलीनं मिशा काढलेली असतील तर उत्तमच. टीव्हीखालच्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा त्यांना द्या, आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. आमच्याकडं तीन आठवडे कुणी ढुंकून बघितलं नाही. मग एका दुपारी वीज गेली आणि थोरली तिथं पोटावर आडवी पडलेली दिसली. उचललं होतं ते माझ्या मनातलं एकही नाही. माकडाच्या गोष्टीचं, शेवटची दोन पानं नसलेलं. "पुढं काय झालं?" म्हणून विचारायला आली. मलाही माहीत नव्हतं. तो शेवट आम्ही चार दिवस वेगवेगळा करत होतो.

सेमी इंग्लिशच्या पोरांचं एक दुखणं असतं. मराठी कळतं, बोलता येतं, पण जोडाक्षर आलं की गाडी अडते. जाड पुस्तक बघूनच छाती दडपते. कॉमिकमधल्या फुग्यात पाच-सहा शब्द असतात, आणि अडलंच तर चित्र सांगतं. वाचताना भूमिका वाटून घ्या. राक्षस पोराला द्या, आपण घाबरलेली म्हातारी व्हा. आवाज काढायच्या नादात ‘प्रतिज्ञा’ आणि ‘दुष्ट’ कधी वाचून होतात ते त्यांच्या लक्षातही येत नाही. चूक लगेच सुधारू नका. त्याच पानावर तोच शब्द परत येतो, तेव्हा आपल्या वाट्याला घेऊन नीट म्हणा.

आणखी एक करा. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवा आणि विचारा, "इथं काय झालं?" पहिल्या चौकटीत माणूस कड्यावर, दुसऱ्यात पाण्यात. मधलं कुणी काढलेलं नाही, ते आपणच मनात काढलं. धाकट्याला हे कळल्यापासून तो प्रत्येक पट्टीवर थांबतो आणि आठ पानांना तास लागतो. लागू द्या.

आमच्याकडं सगळ्यात जास्त चाललेला खेळ मात्र फुगे झाकायचा. कागदाचे फुग्याएवढे तुकडे कापायचे, पिठाच्या खळीचा ठिपका लावून मूळ संवादावर चिकटवायचे आणि आपले संवाद लिहायचे. वाळलेली खळ ओल्या बोटानं सुटते, पण छापील पानाचा कागद थोडा उचकटतोच, म्हणून हे रद्दीतल्या अंकांवरच. आमच्या घरी एका राजपुत्रानं राजकन्येला "काय भावा, जेवलीस काय?" असं विचारलंय. व्याकरण कोल्हापुरी आहे, दुरुस्त केलं नाही.

ट्रंक परत उघडली तेव्हा

थोरलीनंच मागितली, आठव्या वर्षी. या वेळी प्लॅस्टिकच्या पिशव्या मीच काढून ठेवल्या. तिसऱ्या अंकाला तिनं विचारलं, "जंगलात एवढी माणसं आहेत, मग दरवेळी हा एकटाच गोरा माणूस सगळ्यांना का वाचवतो? त्यांच्यातल्या कुणाला येत नाही का?"

लहानपणी मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. अशा वेळी दोन गोष्टी करू नयेत असं माझं मत. अंक काढून घेऊ नये, आणि "ती फक्त गोष्ट आहे, वाच" असंही म्हणू नये. मी तिला माहीत होतं तेवढं सांगितलं: हा वेताळ अमेरिकेत १९३६ साली लिहिला गेला, तेव्हा आफ्रिका आणि आशियातल्या कितीतरी देशांवर गोऱ्यांचं राज्य होतं, आपल्यावरही होतं, आणि लिहिणाऱ्याला जंगल तसंच दिसलं. मग म्हटलं, तू असतीस तर कुणाला नायक केलं असतंस? तिनं ढोल वाजवून निरोप पाठवणारी एक मुलगी काढली. मुखवटा नाही, घोडा नाही, बंदूक नाही. वेताळ त्या गोष्टीत आहे, पण तो निरोप न कळल्यानं चुकीच्या दिशेला जातो.

एका कागदाचं पुस्तक

ती गोष्ट कशात काढायची हा पुढचा प्रश्न. वही देऊ नका. दोनशे पानांची वही बघून कुणीही दमतं. ए-फोर कागद घ्या, आडवा धरा. लांब कडेवर लांब कड ठेवून घडी घाला, उघडा. आता आखूड कडा जुळवून घडी, त्यावर तशीच आणखी एक. उलगडलं की आठ चौकोन दिसतील, वर चार, खाली चार. परत फक्त आखूड कडा जुळवून एकदाच दुमडा आणि घडीच्या बाजूनं, मधल्या आडव्या रेषेवर कात्री चालवा, पुढच्या उभ्या घडीपर्यंतच. कागद उघडल्यावर पोटात एक चीर दिसली पाहिजे, कडेला कुठंही नाही. आता लांबीतून दुमडा, दोन्ही टोकं धरून एकमेकांकडं ढकला. चीर फुगून डबी होते, मग मिटते, आणि पानं गुंडाळली की आठ पानांचं पुस्तक तयार. ना टाचणी, ना डिंक.

इथं सगळे चुकतात ते असं की आधी चित्रं काढतात आणि मग घडी घालतात. उलगडलेल्या कागदावर चार पानं डोक्यावर उभी असतात. म्हणून आधी पुस्तक करा, पानांवर पेन्सिलीनं आकडे टाका, मग उलगडून काढायला घ्या. चारही कडांना एक सेंटिमीटर कोरं सोडा, झेरॉक्स मशीन कडा खातं. सगळं एकाच बाजूला असल्यानं एक झेरॉक्स म्हणजे एक प्रत. थोरलीनं दहा काढल्या आणि वर्गात वाटल्या. तीन परत आल्या, सात आल्या नाहीत. म्हणजे सात खपल्या, असं तिनं ठरवलं.

लेखिकेचं नाव टाकायला मात्र ती लाजत होती. तेव्हा मी तिला आपल्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. आपल्या नावाकडं बघून कुणी झुकतं माप देऊ नये म्हणून. ज. वि. ना. उलटं वाचा, ना. वि. ज. होतं. पहिलं बक्षीस जगतापांनाच मिळालं. गोष्ट ऐकून थोरलीनं आपली आद्याक्षरं उलटी केली आणि आता आमच्याकडं एक अनोळखी लेखिका राहायला आहे, जिला दप्तर भरायला सांगितलेलं ऐकू येत नाही. नारळीकरांच्या कथा मात्र अजून मीच वाचून दाखवतो. अकरा-बाराच्या पुढं ती आपली आपण वाचेल.

काड्यांचा सांगाडा

पुस्तकाकडं आपणहून न वळणारं पोर असेल, आणि आमचा धाकटा तसाच आहे, तर सुरुवात हातापासून करा. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरहून इंजिनिअर होऊन पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) लागले. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादकडं मुलांना विज्ञान शिकवायच्या कामात गेले. तिथल्या बाजारात मिळणाऱ्या काडेपेट्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्यांनी मुलांचा मेकॅनो, म्हणजे सुटे भाग जोडून आकार करायचा खेळ, केला. त्यांच्या संकेतस्थळावर हजारो पुस्तकं फुकट आहेत, मराठीतलीही. पण आधी काड्या आणा.

व्हॉल्व्ह ट्यूब म्हणजे जुन्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी. नव्या सायकलींना लागत नाही, म्हणून म्हातारा सायकलवाला गाठा. दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे कापा. काड्यांचा गूल आपण पाण्याच्या ताटलीवर खरवडून काढायचा, पोरांनी नाही. नळीत दोन्हीकडून काडी खुपसा, मध्ये थोडी फट राहू द्या म्हणजे सांधा वाकेल. तीन काड्यांचा त्रिकोण करा, चार काड्यांचा चौकोन. आणि काही न बोलता पोराच्या हातात द्या.

धाकट्यानं चौकोन दाबला, तो शंकरपाळ्यासारखा आडवा झाला. त्रिकोण दाबला, हलेना. परत दाबला. "पप्पा, हा का हलत नाही?" दुसऱ्या दिवशी मी त्याला कारखान्याच्या फाटकापर्यंत नेलं आणि शेडच्या छपराची कैची दाखवली. सगळे त्रिकोण. आता तो पूल, विजेचे टॉवर, मंडपाचे बांबू, सगळीकडं त्रिकोण मोजतो. मांडववाल्याला एकदा "इथं तिरकी काठी पाहिजे" म्हणून सांगून आला, आणि त्यानं खरंच बांधली.

पुढची पायरी अशी: त्रिकोणाच्या तिन्ही सांध्यांना सुईनं भोक पाडा, प्रत्येकात टोक काढलेली एकेक काडी उभी करा आणि वर तिन्ही काड्या एकाच सांध्यात आणा. सहा काड्यांचा, चार कोपऱ्यांचा सांगाडा होतो आणि हलवून हलत नाही. नळी मिळालीच नाही तर वाटाणे रात्रभर भिजवा आणि टूथपिक वापरा. फक्त वाळल्यावर वाटाणा घट्ट धरतो, आणि चौकोन डुलायची मजा जाते.

शिरस्त्राणाबद्दल थोडक्यात. प्रत्येक पोराला कधी ना कधी कुठल्या तरी वीराचं शिरस्त्राण हवं असतं. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या राहतील अशी पट्टी कापा, नाहीतर गोल न होता मोडते. आधी टेबलाच्या कडेवरून ओढून तिला वाक द्या. डोक्याचा घेर ५२ सेंटिमीटर असेल आणि पुठ्ठा ४ मिलिमीटर जाड, तर ५२ ची पट्टी आतून सव्वा सेंटिमीटर कमी पडते. घेरात जाडीच्या तिप्पट मिळवा, वर चिकटवायला ३ सेंटिमीटर. माझ्या धंद्यातही असंच माप वाढवतात, कारण वेगळं. बिडाचं कास्टिंग थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न मोठा करतो. पोरांचं डोकं आकसत नाही, वाढतं, तेव्हा दोन बोटं जास्तच ठेवा. कटर आपल्याच हातात.

या सगळ्याच्या पसाऱ्यासाठी एक मोठं खोकं ठरवा. आमच्याकडं त्याला ‘राडा’ म्हणतात. औषधांची खोकी, आईस्क्रीमच्या काड्या, संपलेली पेनं, टूथपेस्टची टोपणं. झाकण लागत नाही असं झालं की नवीन काही आत जात नाही. हा नियम बायकोचा, आणि घर त्यावरच टिकून आहे.

दिवाळीचा किल्ला

चित्रकला, इतिहास, गणित आणि चिखल एकत्र यायचं ठिकाण म्हणजे किल्ला. पन्हाळा आमच्यापासून वीसेक किलोमीटर, म्हणून आधी तिथं नेतो आणि पोरांनाच नकाशा काढायला लावतो, चुकीचा का असेना. मग मापाचा प्रश्न येतो. कुंभाराकडचा मावळा तीन इंची. खरा माणूस साडेपाच फुटी धरला तर ६६ इंच, म्हणजे आपला किल्ला २२ पट लहान. पंधरा फुटी दरवाजा करायचा तर १८० भागिले २२, आठ इंचांहून जरा जास्त. हा भागाकार थोरलीनं कुरकुर न करता केला, कारण मागच्या वर्षी मावळे दरवाज्यात कंबरेपर्यंतच मावले होते.

गेल्या वर्षी धाकट्यानं बुरुजावर काड्यांचा यंत्रमानव पहाऱ्याला उभा केला. शेजारच्या आजोबांनी आक्षेप घेतला, "महाराजांच्या किल्ल्यावर हे काय?" थोरली म्हणाली, "आजोबा, तो रात्रपाळीला आहे. मावळे झोपतात तेव्हा." आजोबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, मग त्याच्या हातात मशाल द्या.

हिरवळीसाठीचं अळीव मात्र किल्ला सजवून झाल्यावर पेरू नका. उगवायला चार-पाच दिवस लागतात, तेव्हा वसुबारसेच्या आधीच माती ओली करून शिंपडा, पाणी हातानंच मारा. तांब्यानं ओतलं तर तटबंदी वाहून जाते.