गृहकर्जाआधी सिबिल स्कोअर कसा सुधारला : माझा अनुभव

जुळे सोलापुरात घर घेण्यापूर्वी मी वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा सिबिल अहवाल, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाची नोंद, काढला, तेव्हा ३०० ते ९०० या मोजपट्टीवर माझा स्कोअर ६६२ निघाला. दुचाकीचे जुने कर्ज मी तडजोडीने मिटवले होते आणि त्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा होता. तडजोड म्हणजे पूर्ण फेड नव्हे, हे त्या वेळी शाखेने सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते. उरलेली रक्कम भरून शिक्क्यासह बेबाकी दाखला घेतला आणि तो जोडून ऑनलाइन तक्रार नोंदवली. ३० दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शेरा ‘क्लोज्ड’, म्हणजे कर्ज पूर्ण फेडून बंद, असा झाला. क्रेडिट कार्डाचा वापरही मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाखाली आणला. आठ महिन्यांनी स्कोअर ७४८ दिसला, तेव्हाच अर्ज भरला.