खासगी जमिनीवर मेटल डिटेक्टरने लष्करी अवशेष शोधताना या चुका टाळा

शिशाची जुनी गोळी सापडली की आधी तिचा आकार बघा. गोल गरगरीत असेल, तर ती बहुधा झाडलीच गेली नाही. बंदूक भरताना शिपायाच्या हातून निसटली. चपटी असेल, तर ती कशावर तरी जोरात आदळली आहे. एका पट्ट्यात गोल गोळ्या आणि काही अंतरावर चपट्यांचा सडा सापडला, की एक फळी कुठे उभी होती आणि मारा कुठे होत होता याचा अंदाज येतो. या सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत टाकून घरी नेल्या, तर हातात नुसतं शिसं उरतं.

जागेची नोंद न करणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते, कारण ती नंतर दुरुस्त करता येत नाही. अमेरिकेत मॉन्टानातल्या लिटल बिगहॉर्नला १८७६ साली लढाई झाली. १९८३ मध्ये वणव्यात तिथलं गवत जळालं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर चालवणारे स्वयंसेवक सोबत घेऊन रीतसर सर्वेक्षण केलं. सिग्नल मिळाला की तिथे आधी झेंडी, मग खोदकाम, मग जागेची मोजणी. रिकाम्या काडतुसांवर उमटलेल्या फायरिंग पिनच्या (घोडा ओढल्यावर काडतुसावर आदळणाऱ्या खिळीच्या) खुणा जुळवल्यावर एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली हेसुद्धा कळलं! आपल्याला एवढं जमणार नाही, पण प्रत्येक वस्तूला वेगळी पिशवी, त्यावर क्रमांक, तारीख, खोली आणि जीपीएसचे आकडे एवढं नक्की जमतं. मोबाईलचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, म्हणून बांधाच्या कोपऱ्यापासून टेपने अंतरही घ्या.

परवानगी तोंडी घेऊ नका. जमीन कसणारा आणि मालक वेगवेगळे असतील तर दोघांशी बोला, आणि सापडलेली वस्तू कोणाची हे आधीच कागदावर येऊ द्या. मालकाचा होकार म्हणजे कायद्याचा होकार नव्हे. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्याने इतिहासाशी संबंधित वस्तू डिटेक्टरने शोधायला सरकारी परवानगी लागते, मग जमीन कोणाचीही असो. तुम्ही जिथे शोधणार तिथला नियम आधी वाचा.

आता मशीन. ‘दिवसभर फिरलो, काहीच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे सिग्नल गाळणारी सोय, असतं. खिळ्यांचा कंटाळा येतो म्हणून लोखंड बंद करून टाकतात. पण संगिनी, तोफगोळ्यांचे तुकडे, घोड्यांचे नाल हे सगळं लोखंडच. खिळ्याशेजारचं पितळी बटणही त्यासोबत गडप होतं. लोखंड पूर्ण बंद न करता त्याचा जाड आवाज ऐकत राहा.

उलटही घडतं. लांब किंवा वाकलेला खिळा कधी कधी छान उंच सूर देतो. अशा वेळी काटकोनात वळून त्याच जागेवरून कॉइल (मशीनची खालची चकती) पुन्हा फिरवा. सूर तुटला किंवा जागा सरकली, तर लोखंडाची शक्यता जास्त. दोन्हीकडून सारखाच गोल सूर आला तर खणा.

मशीन सारखं बडबडत असेल तर कॉइल हवेत स्थिर धरा. तरीही आवाज येत राहिला तर विजेच्या तारांचा त्रास आहे. फ्रिक्वेन्सी बदला, सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवा. हवेत शांत आणि जमिनीवर बडबड, म्हणजे मातीत खनिजं जास्त. लोखंड नसलेल्या जागी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे तिथल्या मातीशी मशीन जुळवून घेणं, नव्याने करा. आणि हळू चाला. दर फेरीच्या शेवटी कॉइल झोपाळ्यासारखी वर उचलली जाते, तिथे खोली हातची जाते.

नांगरटीखालची, न हललेली माती लागली आणि सिग्नल अजून खालीच असेल, तर थांबा. तिथून पुढचं काम पुरातत्त्वज्ञाचं.

घरी आल्यावर घासू नका. शिशावरचा पांढुरका थर आतल्या धातूला जपतो. ब्रशने तो गेला की गोळीवरच्या बारीक खुणाही जातात. पितळी बटणाला पॉलिश लावलं की त्यावरचा मुलामा आणि अक्षरं पुसट होतात. लोखंडाचं दुखणं वेगळं. ते आज धडधाकट दिसतं, पण आत शिरलेल्या क्षारांमुळे सुकल्यावर काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. चांगली वस्तू असेल तर संवर्धन जाणणाऱ्याला लवकर दाखवा.

एका बाबतीत मात्र प्रयोग करूच नका. गोळा, बॉम्ब किंवा ग्रेनेडसारखं काही दिसलं, तर ‘इतकी वर्षं झाली, आता काय होणार’ हा विचार मनात आणू नका. २००८ मध्ये व्हर्जिनियात अमेरिकी यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना त्याचा स्फोट झाला आणि या कामात मुरलेला एक संग्राहक स्वतःच्या घरापाशीच ठार झाला. अशी वस्तू उचलू नका, पुसू नका, फावड्याने चाचपू नका. आल्या वाटेने मागे फिरा, लांबून जागेची खूण लक्षात ठेवा, पोलिसांना आणि मालकाला कळवा. बॉम्बशोधक पथक येईपर्यंत तिकडे कोणाला फिरकू देऊ नका.