मलिद्याचं ताट आणि त्यावरच्या बराखोत

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्या घरात लग्न ठरलं, नवस फिटला, नवं घर घेतलं की मलिदा होतो, म्हणजे गोड पोह्यांचं आणि फळांचं ताट मांडून देवाचे आभार मानतात. बाहेरचे पाहुणे ताट पाहून त्याला नैवेद्य समजतात. तसं नाही. यहुदी धर्मात देव एकच आणि निराकार. एलियाहू हनाबी हे संदेष्टे. मलिद्याच्या गीतात त्यांची आठवण काढतात, पण प्रत्येक बराखा, म्हणजे आशीर्वचन (अनेकवचन बराखोत), थेट देवाला उद्देशून असते. ताटातलं अन्न देवाला वाहायचं नसून त्याचं नाव घेऊन आपण खायचं असतं.

वीसेक माणसांसाठी अर्धा किलो जाडे पोहे, एक मोठा नारळ, 200 ग्रॅम साखर, आठ-दहा वेलदोडे, चिमूटभर मीठ आणि बदाम-पिस्ते-बेदाणे मूठ मूठ. पोहे आधी चाळून नीट निवडा. किडा पोटात जाणं धर्माने निषिद्ध आहे. मग चाळणीतच धुऊन लगेच निथळायला ठेवा. पाण्यात भिजत घातले तर लगदा होतो. दाणा बोटांत दाबल्यावर मऊ लागला पण मोडला नाही, की झाले. नारळ आणि साखर अगदी शेवटी, कारण साखरेला पाणी सुटतं आणि तासाभरात सगळं ओलं होतं. दूध-तूप घालू नका. काही घरांत ताटात कोंबडीचं काळीज ठेवतात, आणि मांसासोबत दूध चालत नाही. काळीजही कोशेर, म्हणजे यहुदी धर्मनियमाने कापलेल्या, कोंबडीचं, आणि आधी विस्तवावर भाजलेलंच हवं; नुसतं मीठ लावून त्यातलं रक्त जात नाही.

पोह्यांचा ढीग मधे, भोवती पाच प्रकारची फळं, वर गुलाब. खजूर असावाच.

आता खरी मेख. प्रत्येक बराखेची सुरुवात सारखी: ‘बारुख अत्ता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम’, म्हणजे ‘हे परमेश्वरा, आमच्या देवा, विश्वाच्या राजा, तू धन्य आहेस’. शेवट पदार्थागणिक बदलतो. पोह्यांना ‘बोरे मिने मेजोनोत’. झाडाच्या फळांना ‘बोरे पेरी हाएत्स’; यात खजूर आधी, कारण इस्राएलच्या भूमीची म्हणून तोरात, म्हणजे यहुदी धर्मग्रंथात, जी सात पिकं सांगितली आहेत त्यांत तो आहे. केळ्याला मात्र ‘बोरे पेरी हाअदामा’, जमिनीचं फळ! कोकणात हे समजावून सांगावं लागत नाही: घड उतरवला की केळीचा खुंट संपला, पुढच्या वर्षी फळतो तो बाजूचा कोंब. म्हणून ते झाड नव्हे. काळजाला ‘शेहाकोल नीहया बिदवारो’. गुलाब हुंगण्याआधी ‘बोरे अत्से बेसामीम’.

नेहमीची चूक म्हणजे केळ्यावर झाडाची बराखा म्हणणं. ती लागू पडत नाही. उलट चुकून खजुरावर जमिनीची म्हटली तर चालते, कारण झाडही जमिनीतूनच येतं. कोणती म्हणायची हे आठवेनाच, तर ‘शेहाकोल’ सगळ्याला पुरते. दुसरी चूक बोलण्याची. बराखा संपल्यापासून घास गिळेपर्यंत मधे शब्द नाही, ‘ताट इकडे सरकव’ एवढाही नाही. म्हणून प्रत्येकाच्या हातात तुकडा आधी द्या, मग म्हणा. एकाने म्हणून बाकीच्यांनी लक्षपूर्वक ऐकून ‘आमेन’ म्हटलं तरी पुरतं. सराव करताना ‘अदोनाय’च्या जागी ‘हाशेम’ (म्हणजे ‘ते नाव’) म्हणा. देवाचं नाव विनाकारण उच्चारत नाहीत.

क्रमात घराघरांत थोडा फरक पडतो, तिथे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, सांगतील तसं करावं. डोक्यावर पुरुषांनी टोपी आणि बायकांनी पदर किंवा ओढणी घ्यावी. आधी ‘एलियाहू हनाबी’ हे गीत सगळ्यांनी मिळून गावं, मग बराखोत. उरलेला मलिदा त्याच दिवशी शेजारीपाजारी वाटून टाकावा. ओल्या खोबऱ्यामुळे तो दुसऱ्या दिवशी आंबतो.