कल्पक दुकान, अडखळणारं गिऱ्हाईक: दुकान डिझाइन करताना या चुका टाळा

नव्या दुकानाच्या फोटोंमध्ये एक गोष्ट हमखास नसते: गिऱ्हाईक. मालही बेताचाच असतो, रॅकवर चार वस्तू, मधे भरपूर मोकळी हवा. तोच गाळा लग्नसराईतल्या शनिवारी संध्याकाळी बघा. कोनाड्यात खोकी रचलेली, महागड्या भिंतीवर ‘सेल’चा फ्लेक्स, गल्ल्याच्या मागे पोत्यांसारख्या पिशव्या. मालकाला सौंदर्यदृष्टी नाही, असं म्हणून आपण आर्किटेक्ट मंडळी मोकळी होतो. पण बहुतेक वेळा त्याने फक्त ड्रॉइंगमध्ये राहून गेलेली जागा शोधलेली असते.

थीम मालाच्या पुढे धावते

पुण्यात सध्या मिठाईपासून कुर्त्यांपर्यंत सगळ्यांना ‘वाडा’ हवा असतो. प्लायवूडचे खांब, फायबरच्या कमानी, छताला टांगलेले पितळी हंडे. नव्याचे नऊ दिवस सरले की हंड्यांवर धूळ बसते आणि ते पुसायला शिडी कोणी लावत नाही. गिऱ्हाइकाने सेल्फी हंड्यासोबत घेतला, कुर्ता मात्र हातात धरलाच नाही, अशी अवस्था असेल तर कल्पना चुकीच्या जागी खर्च झाली.

व्हेनिसच्या सान मार्को चौकात इटालियन आर्किटेक्ट कार्लो स्कार्पांनी 1957-58 मध्ये टाइपरायटर बनवणाऱ्या ऑलिव्हेटी कंपनीसाठी शोरूम केली. कमानींखालचा अरुंद, खोल, अंधारा गाळा. त्यात संगमरवरी पायऱ्या एकमेकींना जेमतेम टेकल्यासारख्या तरंगतात आणि जमिनीवर काचेचे रंगीत तुकडे जडवलेले आहेत. तरीही नजर शेवटी टाइपरायटरवर जाते, कारण प्रत्येक यंत्राला स्वतःची बैठक दिलेली आहे. व्हिएन्नात आर्किटेक्ट हान्स होलाइन यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यात रेट्टी हे मेणबत्त्यांचं दुकान केलं. जागा एवढीशी. सगळा दर्शनी भाग अॅल्युमिनियमचा आणि त्यात दोन लहान खिडक्या. खिडकी लहान, मेणबत्तीही लहान. दोन्हीकडे मांडणीचं माप वस्तूच्या मापाशी जुळतं.

मात्र स्कार्पांची नक्कल करायला निघण्याआधी हेही लक्षात घ्या की ती शोरूम होती, मोजकी यंत्रं मांडायची होती. तुमच्या मालकाकडे दोन हजार साड्या आहेत.

साडीच्या दुकानातली गादी काढून टाकणं

या चुकीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ती वारंवार दिसते. मालकाचा मुलगा शिकून येतो, त्याला ‘मॉडर्न’ हवं असतं. गादी जुनाट वाटते म्हणून हँगर आणि काचेचे काउंटर येतात. मग बस्त्याला आठ-दहा जणांचं कुटुंब येतं आणि उभं राहतं. आजी उभी, मामी उभी, नवरी मुलगी मधे. वीस मिनिटांत आजी म्हणते, ‘चला, दुसरीकडे बघू.’

गादीवर नेमकं काय होतं ते एकदा नीट बघा. सेल्समन घडी एका हातात धरतो आणि पदराकडची बाजू झटक्यात समोर फेकतो. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत-बाहेर रुंद. काठ आणि पदर दोन्ही एकाच नजरेत यावे एवढी ती पसरते. नको असलेली मागे सरते, नवी तिच्यावर पडते आणि थोड्या वेळाने समोर रंगांचा ढीग तयार होतो. त्या ढिगातूनच कोणीतरी म्हणतं, ‘ती मघाचची द्या हो.’ हँगरवर हे होत नाही. मागे घडी घालणारा पोरगा बसलेला असतो, त्यालाही पाठ टेकायला आणि हात हलवायला जागा लागते. ड्रॉइंगमध्ये तो पोरगा कधीच नसतो.

उपाय महागडा नाही. गादी ठेवा, पण बसण्याइतक्या उंचीवर घ्या, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना पाय खाली सोडता येतात. गिऱ्हाइकांच्या पाठीमागून दुसऱ्याला सहज जाता येईल असा रस्ता सोडा. न्यूयॉर्कच्या पॅको अंडरहिल यांनी दुकानांतल्या गिऱ्हाइकांची वर्षानुवर्षं निरीक्षणं केली. ब्लूमिंगडेल्स या मोठ्या दुकानाच्या दाराजवळच्या टायच्या रॅकपाशी त्यांना दिसलं की मागून जाणाऱ्याचा एक-दोनदा धक्का लागला की माणूस टाय बघणं सोडून निघून जातो. आपल्याकडे लोक धक्क्याला सरावलेत, असं मालक सांगतात. तुळशीबागेत सरावलेत, हे खरं. पंधरा हजारांची पैठणी बघताना नाही.

आणि चपला! गादी आली की चपला आल्या. दाराशी त्यांचा खच पडतो, पावसाळ्यात त्यात छत्र्यांची भर. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर ते पाणी सांडलं की कोणीतरी घसरणारच. दारातच खडबडीत दगड, पाणी वाहून जायला जाळी, भिंतीत चपलांचा कप्पा: हे पहिल्या ड्रॉइंगमध्ये असायला हवं.

‘जरा उजेडात बघू’

गिऱ्हाईक साडी घेऊन दाराकडे जायला लागलं की समजा, दिव्यांचं गणित चुकलंय. इथे बिघाड बहुधा वॅटमध्ये नसतो. नेहमीच्या स्वस्त एलईडीचा रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे सीआरआय, 80 च्या आसपास असतो आणि लाल रंग दाखवण्यात ते दिवे खास कच्चे असतात. कुंकवाचा लाल, मरून, डाळिंबी, म्हणजे लग्नाच्या बस्त्यातले नेमके रंग त्यात मळकट दिसतात. 90 च्या वरचे दिवे घ्या आणि लालसाठी वेगळा दिलेला आर-9 हा आकडा पुरवठादाराला विचारा. त्याला तो सांगता आला नाही तर दुसरा पुरवठादार बघा. कापडाला 4000 केल्विनच्या (उजेडाची पिवळी-पांढरी छटा मोजायचं एकक) आसपासचा पांढरा उजेड बरा. सोन्याला 3000 चा पिवळसर खुलतो, हिऱ्याला आणि चांदीला थंड पांढरा. सराफाच्या एकाच काउंटरवर दोन्ही मिसळले की सोनं फिकं आणि चांदी पिवळी.

तरीही लोक दाराशी जाणारच. मग दाराजवळच एक मोठा आरसा लावा.

मोठी काच लावली, तरी आतलं दिसत नाही

मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, दुकानात पाचशे ते हजार. अशा वेळी दर्शनी काच आरसा होते, त्यात समोरची रिक्षा आणि विजेचा खांब दिसतो. आत दिवे वाढवून ही लढाई जिंकता येत नाही, फक्त एसी आणि बिल वाढतं. काच दोन-तीन फूट आत घ्या, वर छज्जा काढा, काचेलगत फिकट रंगाची मांडणी ठेवा. पश्चिमेकडे तोंड असेल तर काच कमीच करा. अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या मॉरिस गिफ्ट शॉपला (1948) दर्शनी शोकेसच दिली नाही. विटांची सलग भिंत आणि त्यात एक कमानीचं दार. आत गेलं की गोल चढत जाणारा उतार. बिनशोकेसचं दुकान चालतं, फक्त दारापाशी कुतूहल वाटायला हवं.

पाटी सगळ्यात शेवटी

दर्शनी भाग इंग्रजी लोगोवरून आखायचा आणि नंतर देवनागरी कुठेतरी कोंबायची, हे अजून चालू आहे. महाराष्ट्रात दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिल्यावर अनेकांनी घाईघाईत एसीपीवर, म्हणजे दर्शनी भागाच्या अॅल्युमिनियम पत्र्यावर, फ्लेक्स चिकटवले. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांसाठी उंची लागते. शटरच्या पेटीखाली उरलेल्या नऊ इंचांत ‘श्री’ गुदमरतो. पाटीची पट्टी आधी ठरवा, शटर त्यानंतर.

किरकोळ पण छळणाऱ्या गोष्टी: फॉल्स सीलिंगमध्ये एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारे डबे) बंदिस्त केले की तापून मरतात आणि झाकण नसेल तर जिप्सम फोडावं लागतं. बिलिंगपाशी सॉकेट दुप्पट द्या. ट्रायल रूममध्ये हुक तीन हवेत, एक नको.

आपल्या पेशाचं काय?

आपल्याकडे फी बहुतेक वेळा खर्चाच्या टक्क्यांत ठरते. जास्त पॅनेलिंग, जास्त फी. ‘इथे काहीच करू नका’ हा सल्ला देणारा स्वतःच्या पोटावर पाय आणतो. म्हणून मी दुकानाच्या कामाला ठरीव रक्कम सुचवतो. मालक कुरकुरतो, पण पुढची भांडणं वाचतात.

दुसरं म्हणजे तंत्रज्ञानाची हौस. न्यूयॉर्कच्या सोहो भागात 2001 साली आर्किटेक्ट रेम कूलहास यांच्या ओएमए या फर्मने प्राडा या महागड्या फॅशन ब्रँडचं दुकान केलं. त्यातली लाकडी लाट, म्हणजे लाटेसारखी खाली-वर जाणारी जमीन, आजही शिकवली जाते. बटण दाबताच धूसर होणारी काच आणि इतर यंत्रणा गर्दीत नीट चालत नाहीत, असं मात्र काही वर्षांतच छापून आलं. एवढा पैसा ओतून ही गत, तर आपल्या गाळ्यातला सेन्सर बिघडल्यावर नाशिकहून माणूस कधी येणार, हे आधी विचारलेलं बरं.

तिसरं, परत जाणं. कोटेशनमध्येच दोन भेटी लिहा: एक दिवाळीच्या आठवड्यात, दुसरी वर्षाने. सोबत टेप आणि वही न्या. मालकाने कुठे खिळा ठोकला, कुठे जादा रॅक लावला, कुठला कोपरा खोक्यांनी भरला, ते प्लॅनच्या प्रिंटवर लाल पेनने टिपा. घडी घालणाऱ्या पोरालाही विचारा. मालक समोर नसताना.