डिव्हिडंडचा शेअर घ्यायचाय? आधी पैसा येतो कुठून ते बघा

नवी पेठेत दुकान असलेले आमचे मामा परवा चहा पिता पिता मोबाईल पुढे करून म्हणाले, बघ की रे, हा शेअर १४ टक्के डिव्हिडंड (कंपनी शेअरवाल्यांना वाटते तो पैसा) देतोय, एफडी मोडू का? मी म्हटलं थांबा की मामा, असाच आकडा बघून मी एकदा तोंडावर पडलोय.

तर पहिलं काम म्हणजे तो १४ चा आकडा सोलून बघायचा. ॲपवर दिसणारं यील्ड म्हणजे बहुतेक वेळा मागच्या वर्षभराचा डिव्हिडंड भागिले आजचा भाव, बाकी काही नाही. मामांच्या शेअरचा भाव समजा २०० आणि डिव्हिडंड २८, पण त्यातले २४ रुपये जागा विकून आलेला स्पेशल डिव्हिडंड, तो काय दरवर्षी येणार नाही, म्हणजे खरं यील्ड ४ रुपयांवर, फक्त २ टक्के! शिवाय भाव निम्म्यावर आला तरी यील्ड आपोआप दुप्पट दिसतं, तेव्हा भाव का पडला ते आधी शोधा. आणि बातमीत '५०० टक्के डिव्हिडंड' वाचून उडी मारू नका, तो टक्का फेस व्हॅल्यूवर, म्हणजे शेअरच्या कागदोपत्री मूळ किमतीवर असतो, बाजारभावावर नाही, फेस व्हॅल्यू २ रुपये असेल तर हातात येतात १० रुपये.

मग पेआउट बघा, म्हणजे नफ्यातला किती हिस्सा वाटला ते. शेअरमागे नफा २० आणि वाटले ८, म्हणजे ४० टक्के, ठीक आहे. कंपनी नफ्यापेक्षा जास्त वाटत असेल तर कुठून वाटतेय हे विचारायलाच पाहिजे.

माझ्या मते कंपनीच्या हिशोबातलं सगळ्यात महत्त्वाचं पान कॅश फ्लोचं, म्हणजे रोकड किती आली-गेली त्याचं, आणि लोक नेमकं तेच उघडत नाहीत. आपल्याकडे चादरीवाला उधारीवर माल देतो, वहीत नफा झकास दिसतो पण गल्ल्यात खडखडाट, कंपनीचंही तसंच होतं. धंद्यातून आलेली रोकड वजा मशिनरी-इमारतीवरचा खर्च, यातून जे उरतं त्यात डिव्हिडंड बसतो का? पाच-सात वर्षं बसत नसेल आणि कर्ज वाढत असेल तर सोडून द्या. मी अडकलो तो इथंच, कंपनी कर्ज काढून वाटत होती, दोन वर्षांत डिव्हिडंडही बंद आणि भावही गेला.

डिव्हिडंडचं जुनं रेकॉर्ड बघताना २०२०-२१ चं कोरोनाचं वर्ष मुद्दाम बघा, अडचणीतही वाटला का ते कळतं. कोळसा, धातूवाल्या कंपन्यांचा नफा वरखाली होतो, तिथं एका चांगल्या वर्षावर जाऊ नका.

एक्स-डेटच्या (त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) आदल्या दिवशी घेऊन डिव्हिडंड लाटायचा विचार असेल तर विसरा, त्या दिवशी भाव साधारण तेवढाच खाली उघडतो, वर टॅक्स आपला. एप्रिल २०२० पासून डिव्हिडंड तुमच्या इन्कम टॅक्सच्या स्लॅबप्रमाणे टॅक्सेबल आहे, म्हणजे ३० टक्केवाल्याला ४ चे जेमतेम २.८ उरतात. एका कंपनीकडून वर्षात १०,००० च्या वर गेलं तर १० टक्के टीडीएस आधीच कापून येतो.

एवढ्या चाळणीतून राहतील त्यातले वेगवेगळ्या धंद्यातले आठ-दहा घ्या, सगळ्याच बँका किंवा सगळ्याच सरकारी कंपन्या नकोत.

मामांनी एफडी मोडली नाही. पण त्यांच्या लोखंडी पेटीत जुनी शेअर सर्टिफिकेटं निघाली, डिव्हिडंड कधी घेतलेलाच नाही. सलग सात वर्षं न घेतलेला डिव्हिडंड, आणि ते शेअरसुद्धा, सरकारच्या आयईपीएफ फंडात जातात, तिथून परत मागता येतात पण कागदपत्रांची लई दगदग, सध्या रोज संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही तेच फॉर्म भरत बसतोय.